मुठीएवढी नजर

मी पेपर वाचतो आणि मी पांढरी काठी घेऊन चालतो. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात, हे लोकांना पटवून द्यायला फार बोलावं लागतं. एसटीत बसल्यावर काठीची घडी मांडीवर ठेवतो, खिशातून मोबाइल काढतो आणि वाचायला लागतो. शेजारचा माणूस आधी काठीकडे बघतो, मग मोबाइलकडे, मग माझ्या तोंडाकडे. एकदा एक बाई स्पष्टच म्हणाल्या, "सवलतीसाठी लोक काय काय करतात!" मी त्यांना हात समोर सरळ ताणून मूठ आवळायला सांगितली. म्हटलं, "ताई, ही मूठ जेवढी जागा झाकते ना, तेवढंच मला दिसतं. तेवढ्यातलं चांगलं दिसतं. मुठीच्या बाहेरचं काहीच नाही." त्यांनी मूठ धरून बसभर फिरवली. मल्हारपेठ येईपर्यंत त्या मला एकेक प्रश्न विचारत होत्या.

लांब धरलेली मूठ साधारण १० अंश होते. धडधाकट माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवं सुमारे १८० अंश दिसतं. माझा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा, डॉक्टर त्याला नुसतं आरपी म्हणतात. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. अंधारात आणि कडेचं बघायला दंडपेशी, उजेडात बारीक आणि रंगीत बघायला शंकूपेशी. आरपीत दंडपेशी आधी मरतात. म्हणून पहिल्यांदा रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजर कडेकडेनं आत आत आवळत येते, आणि मधली नजर बरीच वर्षं तग धरते. तक्त्यावरची अक्षरं मी आजही जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तक्त्याखाली ठेवलेलं स्टूल मात्र पायाला लागल्यावरच कळतं.

लहानपणी मला रातांधळं आहे एवढंच घरात ठाऊक होतं. जत्रेत छबिना निघाला की माझ्या बरोबरीची पोरं-सोरं पालखीमागं पळायची आणि मी आईचा पदर धरून उभा. आजीनं शेवग्याचा पाला, गाजर, मासळीच्या तेलाच्या गोळ्या, सगळं केलं. रातांधळं म्हणजे अ जीवनसत्त्व कमी, हे शाळेच्या पुस्तकातही होतं, त्यामुळं कुणाला वेगळी शंका आली नाही. माझ्याहून मोठ्या आक्कालाही तेच होतं. तिन्हीसांजेनंतर ती विहिरीवर जायची नाही, म्हणून तिला कामचुकार ठरवलं होतं. ती कामचुकार नव्हती. आज हे लिहिताना सुद्धा त्या शब्दाचा मला राग येतो.

आई-वडील मामे-आते भावंडं. आमच्या भागात मामाची मुलगी म्हणजे हक्काची सोयरीक. आरपीच्या बऱ्याच प्रकारांत आई आणि वडील दोघांकडूनही जीनची बिघडलेली प्रत आली तरच आजार उमटतो, आणि नात्यातल्या लग्नात एकच बिघडलेली प्रत दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. दोघांकडंही ती प्रत असेल तर त्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक एवढा धोका असतो. आम्हा चौघा भावंडांत दोघांना झाला. आईला हे कळल्यावर ती कित्येक दिवस माझ्याशी डोळा भिडवून बोलत नव्हती. तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, की लग्न तिनं ठरवलं नव्हतं आणि जीन तिनं निवडला नव्हता. ज्यांच्या घरात अजून मामाच्या मुलीचं बघतायत आणि घरात कुणाला रातांधळं आहे, त्यांनी आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडून जनुकीय तपासणीबद्दल विचारून घ्यावं. रक्ताच्या नमुन्यावर होते.

मी १९९६ साली भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो. दृष्टी तपासली तेव्हा दोन्ही डोळे ६/६. मोजणीचं काम दिवसा उन्हात चालतं, त्यामुळं सुरुवातीला काहीच अडलं नाही. मला ते काम मनापासून आवडायचं. मोजणीच्या तारखेला शेतावर पोचायचं, अर्जदार, लगतधारक, कोतवाल गोळा झालेले असायचे. टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा कागद, काढायचं, शेतातला जुना हद्दीचा दगड शोधायचा, वहिवाट मोजायची आणि मग कागदाशी जमिनीचा मेळ घालायचा. सुरुवातीला फळ्यावर मोजणी होती, म्हणजे तिपाईवरच्या सपाट फळ्यावर कागद लावून जागेवरच नकाशा काढायचा. साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हा हिशोब माझ्या अंगात इतका मुरलाय की कुणाचं अंगण बघितलं तरी मनात आणे-गुंठे पडायला लागतात.

आजाराचं नाव कळलं २००१ साली, लेक झाली त्या वर्षी. तिला रात्री पाळण्यातून उचलताना माझा हात दर वेळी कडेला चाचपडतो, हे बायकोच्या लक्षात आलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पोरांच्या हालचाली बघण्याची सवय. तिनंच मला धरून डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं फील्ड टेस्ट झाली. एका अर्धगोल पांढऱ्या भांड्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कुठंही उजेडाचा बिंदू लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मला वाटलं, मशीन मधेमधे थांबतंय. मशीन थांबत नव्हतं. छापून आलेल्या कागदावर मध्ये पांढरं आणि भोवती काळं होतं.

यानंतरची काही वर्षं मी उपाय शोधत फिरलो. मधात कांद्याचा रस घालून डोळ्यांत सोडणारे भेटले, पडद्यावर "हमखास" पेशी बसवून देतो म्हणणारे भेटले. त्या सगळ्यांना मिळून गेलेले पैसे लेकीच्या शिक्षणाला आले असते. आज खरी म्हणावी अशी एक उपचारपद्धती आहे, लक्सटर्ना नावाची. अमेरिकेच्या औषध नियामकांनी तिला डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. पण ती फक्त आरपीई६५ या एकाच जीनच्या बिघाडावर चालते, तिथली सुरुवातीची किंमत दोन डोळ्यांना ८,५०,००० डॉलर, आणि आरपीला कारण ठरणारे जीन कित्येक आहेत. आमच्या घरातला जीन तो नाही. तपासणीत हे निश्चित झालं त्या संध्याकाळी मला उलट मोकळं वाटलं, कारण त्यानंतर कुणाच्या फोनवरच्या "एक डॉक्टर आहेत बघा" या वाक्याला माझ्याकडं उत्तर होतं.

कामात काय होत गेलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे बाहेरच्याला कळणं अवघड आहे. टोटल स्टेशन आल्यावर फळा गेला. तिपाईवर यंत्र, त्याला दुर्बीण, समोर मदतनीस काठीवर प्रिझम धरून उभा. त्या दुर्बिणीतून कुणालाही जेमतेम दीड अंश दिसतं. म्हणजे दुर्बिणीला डोळा लावला की मी आणि ज्यांची नजर शाबूत आहे असे माझे सहकारी अगदी बरोबरीचे. प्रिझमवर रेघ बसवण्यात मी खात्यातल्या कुणालाही हार गेलो नसतो. अडचण दुर्बिणीतून डोळा काढल्यावर सुरू व्हायची. मदतनीस पुढच्या खुणेवर गेलेला असायचा आणि मला तो दिसायचाच नाही. खटावच्या उघड्या माळावर ठीक होतं, तो हात हलवायचा, मी डावीकडून उजवीकडं नजर ओढत त्याला पकडायचो. पाटण खोऱ्यात आलो तेव्हा भाताची खाचरं, अरुंद बांध, मधेच आंब्याची दाट सावली. उन्हातून सावलीत पाऊल टाकलं की माझ्यापुढं काही क्षण काळोखच. आमच्या मदतनिसानं न सांगता एक पद्धत काढली. खुणेवर पोचला की तो शिट्टी घालायचा. मी आवाजाच्या दिशेला दुर्बीण वळवायचो. माझ्या उरलेल्या नोकरीतली निम्मी मोजणी त्या शिट्टीवर झाली आहे, आणि त्या माणसाचं ऋण मी विसरणार नाही.

आमच्या कामात आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो बांधावर उभ्या असलेल्या माणसांचा विश्वास. दोन सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी वीस वर्षं कोर्टात जातात. हद्द दाखवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांबद्दल उद्या कुणी बोट दाखवलं, तर ज्याची मोजणी बरोबर आहे त्याचंही नुकसान होईल. म्हणून कुणी विचारायच्या आत मीच साहेबांना फील्ड टेस्टचे कागद नेऊन दाखवले आणि मैदानी काम काढून घ्या म्हणालो. त्यांनी मला कार्यालयात घेतलं. नकाशांची छाननी, हिशोब तपासणं, नवीन पोरांना टिपण वाचायला शिकवणं. ती वर्षं चांगली गेली.

आता निवृत्तीचं. याच भागासाठी मी हे लिहायला बसलोय.

मी नोकरी सोडणार अशी कुणकुण लागल्यावर एका जवळच्या नातेवाइकानं सल्ला दिला, "राजीनामा दे आणि मोकळा हो." सरकारी नोकरीत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते, निवृत्तिवेतन जातं. स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा लागते, तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि निवृत्तिवेतन मिळतं. माझी सेवा १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतन योजनेतली, त्यामुळं हा फरक माझ्यासाठी आयुष्यभराचा होता. त्यानंतर लागलेल्यांचं गणित वेगळं आहे, ते त्यांनी वेगळं मांडावं.

पण याच्याही आधीची गोष्ट आहे, आणि ती मला आमच्या शिरस्तेदारांनी दाखवली. त्यांनी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची प्रत काढून माझ्यापुढं ठेवली आणि कलम २० च्या चौथ्या उपकलमाखाली पेन्सिलनं रेघ मारली. सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व येतं, त्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही की खालच्या पदावर आणू शकत नाही. तो आहे ते काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा, पद निर्माण करून त्याला त्यावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा नियत वयोमानापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर. ही तरतूद १९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ म्हणून होती आणि सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली कुणाल सिंग या जवानाच्या खटल्यात ती ठासून सांगितली. त्यांचा पाय गेला होता आणि त्यांना घरी बसवलं होतं.

शिरस्तेदार म्हणाले, "अर्ज करायचा तर करा, पण हे वाचून मग करा. तुम्हाला जावं लागत नाहीये, एवढं डोक्यात राहू द्या."

मी तो कागद घरी नेला. बायकोनं आणि मी रात्री बसून हिशोब केला. नियत वयोमान ५८, माझं वय तेव्हा ४९. दर वर्षीची ३ टक्क्यांची वेतनवाढ जाणार, शेवटचा पगार कमी म्हणून निवृत्तिवेतनही कमी बसणार. तिची नोकरी आहे, लेकीचं शिक्षण संपत आलंय, घर स्वतःचं आहे. जमत होतं. यातलं एक जरी नसतं तरी मी अर्ज केला नसता, आणि ज्यांच्याकडं यातलं काही नाही त्यांनी करू नये असं मी तोंडावर सांगतो. कलम २० मागून घ्या, अधिसंख्य पद मागून घ्या, लाजू नका.

मग मी का सोडली? छाननीच्या टेबलावर येणारी टिपणं ब्रिटिश काळातल्या मूळ मोजणीची. पिवळा कागद, फिकी शाई, हातानं काढलेले आकडे. आरपीत मधली नजर टिकली तरी रंगावर रंग ओळखण्याची ताकद उतरत जाते. ३ आणि २ मधला फरक मला भिंगाखाली, दिव्याखाली, दोनदोनदा बघून लागायला लागला. संगणकावरचं अक्षर यंत्र वाचून दाखवतं. हाताची टिपणं वाचून दाखवणारं काही तेव्हा माझ्यापाशी नव्हतं. जे काम मला उत्तम येतं ते मी मध्यम करत बसावं, हे मनाला पटेना.

आणि दुसरं कारण मोठं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मधली नजर किती वर्षं राहील ते सांगता येणार नाही. काठी, ब्रेल, संगणकावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हे सगळं शिकायला वेळ लागतो, आणि थोडं दिसत असताना शिकलं तर हात लवकर बसतो, कारण चुकलं कुठं ते बघून घेता येतं. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी अंधारात परत, घरी आल्यावर डोळे ठणकत. त्यात शिकणं होत नव्हतं. ५८ व्या वर्षी पूर्ण अंधारात आणि काहीच न शिकता घरी येण्यापेक्षा ४९ व्या वर्षी मुठीएवढी नजर घेऊन यावं, असं मी ठरवलं. २०२२ मध्ये निरोप समारंभ झाला. शिट्टीवाला मदतनीस माझा हात सोडत नव्हता.

पुण्यात राहून मी काठी शिकलो. उजवं पाऊल पुढं तेव्हा काठीचं टोक डावीकडं, डावं पुढं तेव्हा उजवीकडं, खांद्याच्या रुंदीएवढंच. शिकवणारे सर जन्मापासून न बघणारे. त्यांनी पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मला आधी अपमान वाटला, मग समजलं की उरलेली नजर सारखी मधे मधे करते आणि काठीचं ऐकू देत नाही. शहरातली काठी गावात जशीच्या तशी चालत नाही, हेही शिकावं लागलं. गोठ्यासमोर म्हशीचं दावं आडवं ताणलेलं असतं, काठी त्याच्या खालून निघून जाते आणि नडगी अडकते. वैरणीच्या गाडीतून बाहेर आलेला कडबा तोंडावर येतो, तो काठीला कळत नाही. म्हणून मी कायम पुढं झाप असलेली टोपी घालतो. ती उन्हाच्या झगझगाटालाही उपयोगी पडते.

एक जुनी गोष्ट मात्र फुकट कामाला आली. मोजणीवाल्याला स्वतःचं पाऊल किती फुटांचं ते पक्कं माहीत असतं. माझं अडीच फुटांचं. देवळापासून दुकान, दुकानापासून स्टँड, ओढ्यावरचा साकव, सगळं मी पावलांत मोजून मनात नकाशा केला आहे. साकवाला कठडा नाही, तिथं मी पावलं मोठ्यानं मोजतो आणि पोरं पण माझ्याबरोबर मोजतात.

संगणकावर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. फुकट मिळतं, मराठी वाचतं. आवाज कोरडा आहे, पण पंधरवड्यात कानाला सवय होते. मोबाइलवर तसंच टॉकबॅक. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी हे ॲप २०२० पासून आहे. मला अजून नोटा दिसतात, तरी मी मुद्दाम त्यावर ओळखायचा सराव करतो. ब्रेल सावकाश चाललंय. ३२ पानांचं काहीतरी सलग वाचेन तो दिवस अजून यायचाय, पण "स्पर्शज्ञान" हे मराठी ब्रेल पाक्षिक उशाशी असतं आणि रात्री दिवा न लावता चार ओळी वाचायचा मला मनापासून आनंद होतो. डोळे मिटले तरी ठिणग्यांसारखा उजेड सतत चमकत असतो, हाही या आजाराचाच भाग. बोटांखाली अक्षर असलं की त्या ठिणग्यांकडं लक्ष जात नाही.

गावातले लोक कागद घेऊन येतात. सातबारा, फेरफार, 'क' प्रत म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत. मी यंत्राकडून वाचून घेतो, नाही वाचलं तर भिंग घेतो, आणि सांगतो की हद्द कायम करायची तर कुठला अर्ज, कुठली फी. पैसे घेत नाही. दोघा चुलतभावांचा बांधाचा वाद मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर मिटला, दोघांना एकमेकांचा कागद मोठ्यानं वाचायला लावला एवढंच मी केलं.

आक्काचं मात्र अजून व्हायचंय. ती कराडला असते. तिला नोकरी नव्हती, म्हणून निवृत्तीही नाही. स्वयंपाक, नातवंडं, दूध, सगळं तीच बघते, आणि पोळीवर तेल लावताना तिचा हात तव्याला लागतो तो कुणी मोजत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी तिला घेऊन गेलो तर तपासणाऱ्यांनी तक्ता दाखवला. तिनं वाचला. "दिसतंय की आजी तुम्हाला," म्हणून परत पाठवलं. कायद्यात अंधत्वाची व्याख्या दोन तऱ्हेची आहे: चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी. दोन्हींपैकी एक पुरतं. १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर ती अल्पदृष्टी. आक्काची फील्ड टेस्ट मी स्वतः करून आणली, त्या कागदावर कायद्यातली व्याख्या जोडली आणि पुन्हा अर्ज भरला.

पुढच्या आठवड्यात तिची पुन्हा तपासणी आहे. कागद दोन प्रतींत फायलीत लावलेत, वर अनुक्रमणिका केली आहे, खात्यातली सवय. आक्का फोनवर म्हणाली, "तू आत माझ्याबरोबर ये, पण बोलायचं मी." मी बरं म्हटलंय. तिच्यासाठी काठीही आणून ठेवली आहे. ती अजून घ्यायला तयार नाही. सूनबाई म्हणते, लोक काय म्हणतील. मी सूनबाईला येत्या रविवारी जेवायला बोलावलंय, आणि जेवण झाल्यावर तिला हात लांब करून मूठ आवळायला सांगणार आहे.